तुलनेची गावं

धामणवाडी, ता. पाटोदा, जि. बीड
२५ नोव्हेंबर २००२

चि. मुक्तास,
गहिनीनाथदादाचा आशीर्वाद.

काकांच्या वर्षश्राद्धाला भेट झाली, त्यानंतर तुला पत्र लिहायचं राहूनच गेलं. आज काम पडलं म्हणून लिहितोय हे तू ओळखशीलच, म्हणून सरळ कामाचंच बोलतो. फोनवर हे सांगता येणार नाही. पाटोद्याच्या बूथवर मागं माणसं ताटकळत उभी असतात आणि मला घाईत बोलायला जमत नाही.

आपली दूध संस्था आता पाटीपुरती उरली आहे. निम्मी जनावरं बाजारात गेली, उरलेली चारा छावणीत. टेम्पो दारात उभा, कॅन पालथे पडलेले, आणि मी सचिव म्हणून रोज कुलूप उघडून बसतो. दिवाळी झाली तशा टोळ्या ऊस तोडायला गेल्या. ज्यांनी कधी कोयता हातात धरला नव्हता तेही यंदा गेले. मागं राहिली ती म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं.

जाताना लेकी-सुना पीठ-मीठ ठेवून जातात. पण टँकरवर रेटारेटी करून हंडा आणणं म्हाताऱ्या माणसाला होत नाही, आणि सरपणही जवळ राहिलं नाही. आपल्या आळीतल्या चतुराबाई तुला आठवतात का? त्या पीठ पाण्यात कालवून पीत होत्या. तुझ्या वहिनीनं डोळ्यानं पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "पिठाचा डबा भरल्याला हाय, आन् म्हातारी उपाशी. तुमचा टेम्पो काय नुसता पुसायला ठेवलाय का?"

तेव्हापासून संस्थेच्या खोलीत चूल पेटली. बचत गटातल्या बाया भाकरी, वरण आणि काहीतरी कोरड्यास करतात. टेम्पो दुधाच्याच रस्त्यानं जातो आणि चार गावांत घरोघरी डबे देऊन येतो. सभासदांनी ज्वारी दिली, पण ती किती पुरणार? तहसीलला गेलो. साहेब माणूस चांगला होता, बसवून बोलला. म्हणाला, "घरपोच डब्याची योजना सरकारात नाही. गरज आहे असं दाखवणारा एखादा अभ्यास आणा, मग वर पाठवता येईल."

तू विद्यापीठात आहारशास्त्र शिकवतेस. हा अभ्यास तू कर. एवढं मागणं आहे.

तुझा,
गहिनीनाथ


पुणे
१२ डिसेंबर २००२

ती. गहिनीनाथदादा यांना,
मुक्ताचा नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मग आमच्या विभागप्रमुखांनाही वाचून दाखवलं. दादा, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांना घरपोच जेवण देण्यावर कोणीच धड काम केलेलं नाही. परदेशातले अभ्यास आम्ही वर्गात शिकवतो, आणि इथे दुधाच्या टेम्पोतून डबे जातायत हे कोणाला माहीत नाही.

केंद्र सरकारचं एक मंडळ अशा संशोधनाला पैसे देतं. मी त्यांच्याकडे प्रस्ताव घालते आहे. डबा मिळालेल्या माणसांची तब्येत सुधारते का, वजन टिकतं का, दवाखान्याच्या फेऱ्या कमी होतात का, हे दाखवता आलं तर तुमच्या तहसीलदारांना कोणी नाही म्हणू शकणार नाही. त्यातूनच तुमच्या चुलीसाठीही काही तरतूद मागितली आहे. फेब्रुवारीपर्यंत उत्तर यायला हरकत नाही.

सिंधूवहिनींना सांगा, त्यांचं ते वाक्य मी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर घातलं आहे.

तुमची,
मुक्ता


धामणवाडी
१० ऑगस्ट २००३

चि. मुक्तास आशीर्वाद.

फेब्रुवारी गेला, पाडवा गेला, आषाढही कोरडा गेला. ज्वारी संपली तशी चूल विझली, ते मी तुला मार्चात कळवलंच होतं. त्यावर तुझं एक कार्ड आलं की मंडळाची बैठक पुढं ढकलली. पुढं काय झालं?

टोळ्या परत आल्या तेव्हा दोन घरांत म्हातारी माणसं राहिली नव्हती. डबा चालू असता तर ती जगली असती असं मी म्हणत नाही, कारण मला ते ठाऊक नाही. पण बंद करताना मीच घरोघरी जाऊन "उद्यापासून डबा न्हाई" असं सांगितलं होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मलाच समजावलं, "जाऊ द्या सेक्रेटरी, तुमी तरी काय करचाल."

यंदाही पाऊस नाही. आमचे चेअरमन बद्रीनाथराव रोज विचारतात, "काय सेक्रेटरी, पुण्याचा पाऊस कवा पडायलाय?" आणि हसतात. मलाही हसावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला जेवण लागतं का, एवढं ठरवायला सरकारला अख्खा हंगाम कावून लागतो, ते तूच सांग.

गहिनीनाथ


पुणे
६ ऑक्टोबर २००३

ती. दादांना नमस्कार.

मंजुरी आली! काल संध्याकाळी पत्र हातात पडलं आणि आज सकाळी तुम्हाला लिहायला बसले.

आधी चांगलं सांगते. दोन संशोधन सहायक, वजनकाटे, गाडीभाडं, रक्ततपासणी आणि एक संगणक, सगळं मंजूर झालं आहे. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की काम सुरू.

आता तुम्हाला आवडणार नाही ते. तुमच्या चुलीसाठी मागितलेली तरतूद त्यांनी खोडली. "संशोधन आणि मदत यांची सरमिसळ नको" असा शेरा आहे. मी दोनदा फोन केला. ते म्हणाले, डबा देणं हे दुसऱ्या खात्याचं काम, आमचं काम तो मोजण्याचं. दुसरं खातं कोणतं, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

आणखी एक अट आहे. डबा मिळणाऱ्या गावांबरोबर डबा न मिळणारी गावंही अभ्यासात हवीत. दोन्हींकडची माणसं सारख्याच परिस्थितीतली असली तरच फरक डब्यामुळे पडला असं म्हणता येतं. अशा गावांना आम्ही तुलनेची गावं म्हणतो. तुम्ही मागे सांगितलं होतं की चार गावांपलीकडे तुमचा टेम्पो पुरत नाही. मग खडकवाडी आणि माळेवाडी घ्यावीत असं माझ्या मनात आहे.

रागावला असाल. पण हे झालं तर पुढच्या हंगामात सरकारी डबा येईल, या आशेवर मी आहे.

मुक्ता


धामणवाडी
२० ऑक्टोबर २००३

मुक्ता,

आशीर्वाद लिहायचा राहिला असं नाही, आज लिहावासा वाटत नाही.

आम्ही जेवण मागितलं, तुम्ही काटा पाठवला. उपाशी माणूस महिन्याला किती वाळतो ते पुण्याच्या पोरी येऊन मोजणार, आणि मोजून झालं की गाडीत बसून जाणार. गाडीला भाडं आहे, संगणकाला पैसा आहे, फक्त भाकरीला नाही. तुझी वहिनी म्हणाली, "तिला लिवा, एक दिस त्या मंडळातल्या सायबांनाबी तुलनेत बसवा म्हनावं."

तरी आम्ही हो म्हणतो. नाही म्हणून करायचं काय? चार गावांपुरती ज्वारी यंदा छावणी चालवणाऱ्या एका संस्थेनं दिली आहे. खडकवाडी आणि माळेवाडीला तसंही आम्ही पोचू शकत नाही, हे खरं आहे. तेवढ्या खऱ्यावर मी तुझ्या अटीला होकार देतो.

पोरी आल्या तर आमच्याच घरी उतरतील. वहिनी म्हणते, राग तुझ्यावर आहे, त्यांच्यावर नाही.

गहिनीनाथ


पुणे
१५ डिसेंबर २००३

ती. दादांना नमस्कार.

तुमच्या घरी राहून आमची सहायक जानकी परत आली ती वजन वाढवूनच, त्यामुळे आमच्या विभागात वहिनींच्या हाताची चर्चा आहे. हे वाक्य तुम्हाला हसवण्यासाठी लिहिलं, जमलं का माहीत नाही.

एक महत्त्वाचं कळवायचं आहे. तुमच्या चार गावांतल्या काही म्हाताऱ्यांचं वजन डबा मिळूनही घटतंय. आधी आम्हाला वाटलं आजार असेल. मग जानकी जेवणाच्या वेळेला त्या घरांत नुसती बसून राहिली. ही ती घरं आहेत जिथे नातवंडं मागे ठेवली आहेत. आजी डबा उघडते, पोरांपुढे ठेवते, आणि "मी मगाच खाल्लं" म्हणते. डबा देणाऱ्याला हे दिसत नाही, कारण तो पुढच्या घरी गेलेला असतो. अशा घरांना पोरांचा वेगळा डबा गेला तरच म्हातारीच्या पोटात काही जाईल.

शिवाय संध्याकाळसाठी राखून ठेवलेलं वरण उन्हाळ्यात आंबेल. संध्याकाळला शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी वेगळी बांधून दिली तर बरं.

मंडळाला हे कळवेनच. पण ते बैठक घेऊन वाचतील, तुम्ही उद्या वाचाल, म्हणून आधी तुम्हाला.

मुक्ता


धामणवाडी
२ जानेवारी २००४

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीनं बायांना चुलीपुढं वाचून दाखवलं. एक जण म्हणाली, "आपन इतके दिस डबे देतोत, आन् ह्ये आपल्याला उमगलं न्हाई." दुसऱ्याच दिवसापासून पोरांचे डबे वेगळे निघाले. चटणीही बांधतो. मागं मी काट्याबद्दल बोललो ते बोललो, पण तुझ्या जानकीनं घरात बसून पाहिलं म्हणून हे कळलं, हेही मला लिहिलं पाहिजे.

आणखी एक आनंदाची गोष्ट. कपिलधारला दर्शनाला आलेल्या एका भुसार व्यापाऱ्याची बद्रीनाथरावांशी गाठ पडली. त्यांनी डब्याची हकीकत सांगितली, आणि त्या गृहस्थानं ज्वारी आणि तूरडाळ पाठवून दिली. काल खोलीत पोती लावून घेतली. यात बद्रीनाथरावांना पेपरात फोटो मिळाला, आपल्याला दोन गावांचं धान्य. संक्रांतीनंतरच्या सोमवारपासून खडकवाडी आणि माळेवाडीलाही डबा सुरू करतो. टेम्पोची दुसरी फेरी मारू.

खडकवाडीत भिवराबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांचा मुलगा धर्मराज आपल्याच संस्थेचा सभासद, बायकोसकट उसाला गेलाय. जानकी त्यांचं वजन घ्यायला गेली की त्या तिला विचारतात, "बाई, माझा लंबर कवा?" आता त्यांना सांगता येईल.

गहिनीनाथ


पुणे
९ जानेवारी २००४

ती. दादांना नमस्कार.

हे पत्र लिहायला मला फार जड जातंय.

कृपा करून त्या दोन गावांत इतक्यात डबा सुरू करू नका. फेब्रुवारीअखेर शेवटची वजनं घ्यायची आहेत. त्याआधी तुलनेची गावं उरली नाहीत तर सगळा अभ्यास मोडेल. मग मंडळ म्हणेल की काहीच सिद्ध झालं नाही, आणि सरकारी योजनेचा प्रश्न कायमचा बाजूला पडेल. थोडं थांबलं तर पुढे फक्त दोन गावांना नाही, अख्ख्या जिल्ह्याला डबा मिळू शकेल.

मी हे शांतपणे लिहितेय असं समजू नका. पण मला दुसरा मार्ग दिसत नाही. धान्य खराब होणार नाही. मार्च लागला की लगेच सुरू करा.

मुक्ता


धामणवाडी
१७ जानेवारी २००४

मुक्ता,

बरं. थांबतो.

पोती खोलीत आहेत. बायांना अजून कारण सांगितलेलं नाही.

गहिनीनाथ


धामणवाडी
२० फेब्रुवारी २००४

मुक्ता,

तुझा अभ्यास मोडला. मी मोडला. आता नीट सांगतो.

खडकवाडी आणि आपल्या टेम्पोच्या रस्त्यावरची वस्ती यांच्यात एक टेकाड आहे. वस्तीवर डबा येतो हे भिवराबाईंना कळलं होतं. गेल्या पंधरवड्यापासून त्या टेकाड चढून उतरून वस्तीवर यायच्या आणि टेम्पो थांबतो तिथं बाभळीखाली बसायच्या. मागायच्या नाहीत. डबे उतरवताना नुसत्या बघत बसायच्या. ड्रायव्हरनं मला येऊन सांगितलं. मी स्वतः गेलो. त्यांना म्हणालो, "मावशी, तुमच्या गावाला मार्च महिन्यात डबा येनार हाय. तवर दम धरा." त्या म्हणाल्या, "आसं व्हय. मग मी तवर हितं येत जाते, म्हंजी लंबर चुकायचा न्हाई."

त्या दिवशी मी त्यांना माझ्या वाटणीची भाकरीही दिली नाही. तुझा अभ्यास मोडेल, हेच डोक्यात होतं. मी टेम्पोत बसलो आणि निघून आलो.

परवा त्या टेकाडावरून घसरल्या. उतारावर तशाच पडून होत्या. आमचा टेम्पो परत येताना ड्रायव्हरला लुगडं दिसलं. पाटोद्याच्या दवाखान्यात नेलं, तिथून बीडला. खुब्याचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, या वयात आणि अशा अंगावर ऑपरेशन नको. आता त्या उठून चालतील असं दिसत नाही.

काल सकाळी मी खोली उघडली आणि बायांना सगळं सांगितलं. वहिनीनं पोत्याची शिवण उसवली. दोन्ही गावांना डबा गेला.

तुला काय वाटायचं ते वाटो. मला विचारायचं नव्हतं म्हणून विचारलं नाही.

गहिनीनाथ


पुणे
२७ फेब्रुवारी २००४

दादा,

तुम्ही बरोबर केलंत. हे मी आधीच म्हणायला हवं होतं.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. तुम्हाला थांबायला सांगितलं त्याच दिवशी मी मंडळालाही लिहिलं होतं की धान्य आलं आहे, आता तुलनेची गावं उपाशी ठेवणं योग्य नाही, अभ्यासाची आखणी बदलू द्या. त्यांचं उत्तर आठवड्यात आलं. एवढं लवकर त्यांनी कधीच उत्तर दिलं नव्हतं. "मंजूर आखणीत बदल करता येणार नाही." ते पत्र हातात आल्यावर तरी मी तुम्हाला 'डबा सुरू करा' अशी तार करू शकले असते. केली नाही. मला वाटलं, थोडेच दिवस उरलेत, निभावेल. मला योजना हवी होती. आणि खोटं कशाला बोलू, अभ्यासही पुरा व्हायला हवा होता. माझं नाव होतं त्यावर.

तुम्ही बाभळीपाशी उभे होतात, मी इथे पंख्याखाली होते. त्या बाईंना नाही म्हणायला लावलं मी, आणि म्हणावं लागलं तुम्हाला.

मी अहवालात हे सगळं लिहिणार आहे. डबा कोणत्या दिवशी सुरू झाला, कशामुळे झाला, आणि आधी का झाला नाही, तेही. दवाखान्याचा खर्च मी करते. कृपया त्यावर वाद घालू नका.

मुक्ता


धामणवाडी
२ मे २००४

चि. मुक्तास,

टोळ्या आल्या. धर्मराज आला. तो कोणत्या कारखान्यावर आहे ते कळलं नव्हतं, म्हणून त्याला निरोप पोचला नव्हता.

घरी आईला बाजेवर पाहिलं आणि तो तसाच संस्थेत आला. अंगावर प्रवासाचे कपडे, हातात कोयता नव्हता एवढंच. ओरडला नाही. खुर्चीवर बसला आणि विचारलं, "सेक्रेटरी, ती पुण्याची पोरगी माज्या आईचं वजन करायची?"

मी म्हणालो, "करायची."

"दर म्हैन्याला?"

"हो."

"दर म्हैन्याला कमी भरायचं?"

मी मान हलवली.

"मंग तुमी त्याचं काय केलं बे?"

मुक्ता, मी या माणसापेक्षा वयानं मोठा. त्याच्या लग्नात मी वाढपी होतो. तो मला कधी बे म्हणाला नव्हता. मी त्याला अभ्यास, मंडळ, योजना सगळं सांगायला गेलो. बोलता बोलता माझं मलाच कळेना मी काय सांगतोय. तो म्हणाला, "खोलीत जवारी होती म्हनं."

"होती."

तो उठून गेला.

भिवराबाई डबा खातात, थोडा खातात. शेजारणी त्यांचं सगळं करतात. त्यांनी धर्मराजला सांगितलं की सेक्रेटरी चांगला माणूस आहे, त्यानंच मला दवाखान्यात नेलं. हे ऐकून मला आणखी खाली बघावं लागलं.

तू ये. पत्रानं हे होणार नाही.

गहिनीनाथ


पुणे
३० जून २००४

ती. दादांना नमस्कार.

खडकवाडीहून परतल्यावर तुम्हाला लिहायला इतके दिवस घेतले. धर्मराजांनी मला आत घेतलं, बसायला पोतं टाकलं, पण माझ्याशी बोलले नाहीत. त्यांच्या बायकोनं चहा दिला. भिवराबाईंनी माझा हात धरून विचारलं, "तूच का ती मोटी बाई? ती जानकी का आली न्हाई गं? लई मायाळू पोरगी." मी त्यांच्याशेजारी बसून राहिले. निघताना धर्मराजांना म्हणाले, "माझं चुकलं." ते दारातून बाजूला झाले, म्हणजे मला जाता यावं म्हणून. तुम्ही बाहेर उभे होतात, तुम्ही काही विचारलं नाहीत, त्याबद्दल मी तुमची ऋणी आहे.

आता मंडळाचं. या महिन्याच्या सुरुवातीला त्यांनी मला बोलावलं होतं. लांबलचक टेबल, पलीकडे पाच-सहा जण. अहवाल त्यांनी वाचला होता. एक सदस्य चांगलं बोलले, नातवंडांच्या डब्याचा भाग फार मोलाचा आहे म्हणाले. मग अध्यक्षांनी निकाल सांगितला. तुलना मध्येच तुटल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. डब्याने फायदा होतो असं या अभ्यासातून म्हणता येणार नाही. योजनेची शिफारस नाही.

मी विचारलं, "पण डब्याच्या गावांत वजनं टिकली, हे तर दिसतंय ना?" ते म्हणाले, "दिसतं, पण सिद्ध होत नाही."

आणि लगेच म्हणाले, विषय महत्त्वाचा आहे, म्हणून आणखी संशोधनाला आधीपेक्षा मोठं अनुदान द्यायला मंडळ तयार आहे. गावं जास्त, काळ दोन वर्षांचा. फक्त एक हमी लेखी हवी की या वेळी तुलनेच्या गावांत कोणत्याही कारणानं डबा सुरू होणार नाही.

मी म्हणाले, ही हमी मी देणार नाही. धान्य असेल तर डबा जाईल, आणि काय मोजायचं ते आपण त्यानंतर ठरवू. अध्यक्ष म्हणाले, "मग तुम्ही समाजसेवा करा, संशोधन दुसरे करतील." प्रकल्प आता दुसऱ्या विद्यापीठाकडे गेला आहे. जानकीची नोकरी गेली. मी वर्गावर परत आले.

बाहेर पडताना मला अभिमान वाटेल असं वाटलं होतं. वाटला नाही. दीड वर्ष, एवढा सरकारी पैसा, आणि हाती सरकारी डबा एकही नाही. तुम्हाला मी पहिल्या पत्रात काय काय लिहिलं होतं ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

मुक्ता


धामणवाडी
१९ सप्टेंबर २००४

चि. मुक्तास,
दादाचा आणि वहिनीचा आशीर्वाद.

यंदा पाऊस बरा आहे. गवत उठलंय, छावणीतली जनावरं घरी आली, आणि संस्थेत पुन्हा दूध यायला लागलंय. थोडंच आहे, पण सकाळी कॅनचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

दूध आलं तशी पंचाईत झाली. टेम्पो दुधाला लागणार, खोली दुधाला लागणार. मग डब्याचं काय? काल वार्षिक सभा होती, तिथं हाच विषय निघाला. बद्रीनाथराव म्हणाले, दुष्काळ होता म्हणून केलं, झालं आता, ही दूध संस्था आहे, अन्नछत्र नाही. बरेच जण माना डोलवत होते. खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नव्हतं. ज्याची म्हैस आत्ता कुठं दूध देते आहे तो त्यातलं दुसऱ्याच्या म्हाताऱ्याला कावून देईल?

तुझी वहिनी बोलायला उठली. पाऊस पडला तरी दिवाळीनंतर टोळ्या जाणारच आहेत, म्हाताऱ्यांना सरकी-पेंड देऊन जाणार का, असं तिनं विचारलं. थोडं हसू झालं, पण हात वर येईनात. मी सचिव, मला मत मांडता येत होतं, पण मी सभेचं इतिवृत्तच लिहीत राहिलो. त्या सभेत सगळ्यांना खडकवाडीचं माहीत होतं.

मग मागून धर्मराज उठला. मे महिन्यानंतर तो संस्थेत पहिल्यांदाच आला होता. मला वाटलं, आता हा सगळ्यांपुढं माझं काढणार. आणि त्यानं काढलंही. म्हणाला, "ह्या सेक्रेटरीनं माज्या आईला भुकी बसीवली. खोलीत जवारी आस्ताना. पुन्याच्या बाईनं सांगितलं आन् ह्यानं ऐकलं. मी दोगांनाबी माफ केल्यालं न्हाई, करनारबी न्हाई."

मी खाली बघत होतो.

मग तो म्हणाला, "पन मला दिवाळीला उसाला जावं लागंल. बायकोबी येनार. आईला उठता येत न्हाई. डबा बंद केला तर मी तिला कुनाच्या भरवशावर ठिवू? सरकारच्या? माज्या दुधातलं काय कापायचं ते कापा. डबा चालू ठेवा." आणि त्यानं हात वर केला. एकट्यानं, बराच वेळ. मग त्याच्या शेजारच्यानं केला, मग उसाला जाणाऱ्यांनी एकेकानं. शेवटी बद्रीनाथरावांनीही केला, कारण सभेत एकटा हात खाली ठेवायची त्यांना सवय नाही.

ठराव झाला. सकाळी टेम्पो दूध घेऊन येईल आणि दुपारी डबे घेऊन जाईल. सहाही गावांना.

त्या दुसऱ्या विद्यापीठाची माणसं गेल्या आठवड्यात येऊन गेली. चांगली होती, नम्र होती. त्यांनी तुलनेसाठी गावं मागितली. मी त्यांना भिवराबाईंच्या घरी नेलं. तिथून निघाल्यावर त्यांनी पुन्हा आपल्याकडं गावं मागितली नाहीत. ती माणसं पुढं कुठं गेली ते मला ठाऊक नाही. कोणत्या तरी तालुक्यात गेलीच असतील, हे मनात येतं आणि झोप लागत नाही.

सभा संपल्यावर धर्मराज माझ्यापाशी आला. मला वाटलं हात देईल. दिला नाही. तुझा पुण्याचा पत्ता मागितला. कशाला हवा ते मी विचारलं नाही, लिहून दिला. त्याला लिहिता-वाचता येतं, सातवी झालाय. काय लिहील ते मला सांगता येत नाही. कदाचित शिव्या असतील.

त्याचं पत्र आलं तर उत्तर दे.

तुझा,
गहिनीनाथदादा